युनियन कशासाठी?

या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर कधी नव्हतं.

१९१८ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांनी ३५ टक्के पगारवाढ मागितली. मालक २० टक्क्यांवर अडून बसले. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई, आणि कामगारांच्या बाजूने त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन! गांधीजींनी उपास केला, प्रकरण लवादाकडे गेलं. १९२० मध्ये मजूर महाजन उभं राहिलं. त्यांचं म्हणणं, मालक-कामगार एकाच घरातले. भांडण पंचांपुढे मिटवावं.

मुंबईत डांग्यांसारख्या कम्युनिस्टांना हे कसं पटणार? नफा येतो कामगाराच्या घामातून, मग पंच कसले? १९२८ चा गिरणी संप सहा महिने चालला.

पण बाबासाहेबांनी वर्मावर बोट ठेवलं. विणखात्यात पगार जास्त, आणि नेमका तिथेच दलितांना मज्जाव. का, तर धाग्याला तोंड लावावं लागे. कामगार सगळे एक, मग विटाळ कसला? तरीही ७ नोव्हेंबर १९३८ ला, संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध, त्यांनी कम्युनिस्टांबरोबर संप केला. मला या साऱ्या इतिहासातला हा दिवस सर्वांत मोलाचा वाटतो.

पुढे १९४६ च्या मुंबईच्या कायद्याने बोलणी फक्त मान्यताप्राप्त युनियनच्या हाती दिली. म्हणून १९८२ साली दोन लाखांहून अधिक कामगार दत्ता सामंतांमागे असूनही कायद्याच्या लेखी त्यांचा प्रतिनिधी दुसराच होता.