पांढरी ट्यूब

किनाऱ्यालगतच्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला यंदा शाळेचीच माजी विद्यार्थिनी प्रमुख पाहुणी होती. बाई आता जलरंगात काम करतात. पत्रिकेत विषय छापला होता ‘कलाक्षेत्रातील संधी’. त्या संधी दोन वाक्यांत उरकून बाई थेट चित्रकलेच्या तासाला जाऊन बसल्या. इंटरमिजिएटच्या सरावाला सर सगळ्यांच्या पेटीतली पांढरी ट्यूब आधी काढून घ्यायचे. लाटेला फेस हवा? मग तेवढा कागद सोडा! सुटलाच नाही, तर रंग वाळल्यावर ब्लेडने खरवडा.

विन्स्लो होमर हा अमेरिकन चित्रकारही असाच खरवडायचा, असं म्हणत त्यांनी पडद्यावर त्याचं १८८३चं ‘इनसाइड द बार’ हे जलरंगचित्र लावलं. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. मागे होड्या, वर करडे ढग आणि पुढे कमरेवर हात ठेवून उभी असलेली कोळीण. एका हाताला टोपली, एप्रन वाऱ्याने फुगलेला. ढगांच्या रंगाचे पातळ हात एकमेकांत मिसळलेत. कोळणीची आकृती मात्र ठाशीव. वारा दिसतो तो त्या एप्रनमध्ये.

होमर १८८१ साली इंग्लंडमधल्या कलरकोट्स या मच्छीमार गावी गेला आणि पुढच्या वर्षापर्यंत तिथेच राहिला. त्याआधी ‘हार्पर्स वीकली’साठी त्याने अमेरिकेतल्या यादवी युद्धाची चित्रं काढली होती. कलरकोट्सचे पुरुष समुद्रावर जात. गळांना शिंपल्यांचं आमिष लावणं आणि टोपल्या वाहून मासळी विकणं बायकांकडे. परतल्यावर काढलेल्या या चित्रात त्याने कोळणीला एखाद्या पुतळ्यासारखं उभं केलं. पण टोपलीचं ओझं किती, मासळीला भाव काय मिळाला, ते चित्र सांगत नाही.

“ते सांगणाऱ्या इथे बसल्यात,” असं म्हणून बाई पहिल्या रांगेकडे वळल्या. बाजार उरकून आलेल्या आया तोंडाला पदर लावून हसल्या.

पुढे व्याख्यान राहिलं बाजूला. मोबाइल खिशात ठेवा, फोटो काढून बघितल्याचं समाधान मानू नका, एका जागी तासभर उभं राहा. हे त्यांनी इतक्यांदा बजावलं, की चित्रीकरण करणाऱ्या शिक्षकांनीही हात खाली घेतला. शेवटी बाईंनी सुट्टीचा अभ्यास दिला: आईबरोबर पहाटे जेट्टीवर जायचं आणि तिचं काम समोर बसून रंगवायचं. कागद त्या पाठवणार. मुख्याध्यापकांनी मान डोलावली आणि घड्याळाकडे पाहिलं. बक्षीसवाटप अजून व्हायचं होतं.