साथीची खबर आधी कोणाला लागते?

(रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गात वेतन, निवृत्तिवेतन, बढती, बदली हे विषय हक्काचे असतात. त्यांच्या रांगेत आज आपण साथरोगांच्या खबरीचा विषय ठेवलात आणि तो मांडायला आम्हाला बोलावलेत, याबद्दल प्रथम आभार मानतो. आम्ही आरोग्य खात्याच्या साथरोग सर्वेक्षण पथकातली माणसे. आम्ही गोळ्या देत नाही, सलाइन लावत नाही. कोणत्या गावात, कोणत्या वस्तीत किती माणसे ताप, जुलाब, कावीळ यांनी आजारी पडली हे आम्ही मोजतो. आकडा नेहमीपेक्षा वाढलेला दिसला की तेथे माणूस पाठवतो. काम एवढेच. पण ते वेळेवर झाले तर एका नळाच्या दुरुस्तीवर भागते, आणि उशीर झाला तर तिरडी बांधावी लागते.

ही यंत्रणा चालते कशी, ते आधी थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर २००४ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू केला. तळाशी उपकेंद्राची आरोग्यसेविका असते. तिला फक्त लक्षणे दिसतात. ती ते 'एस' नमुन्यात लिहिते. प्राथमिक आरोग्य केंद्राचा किंवा रुग्णालयाचा डॉक्टर रुग्ण तपासून संभाव्य निदान लिहितो, तो 'पी' नमुना. प्रयोगशाळेत जे पक्के ठरते तो 'एल' नमुना. या तिन्ही नोंदी जिल्हा सर्वेक्षण कक्षात येतात, तेथून राज्याला आणि राज्याकडून दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राला जातात. पूर्वी ही माहिती आठवड्याने गोळा होई. २०२१ मध्ये देशभर नवा संगणकीय मंच आला, तेव्हापासून नोंद रोजच्या रोज करायची आहे. महाराष्ट्रात जिल्ह्यांच्या वर आरोग्य सेवेची आठ मंडळे आहेत. तुमच्या डिव्हिजनसारखीच ती रचना समजा. साथ काही जिल्ह्याची पाटी वाचून थांबत नाही, म्हणून शेजारच्या जिल्ह्यांचे आकडे एकत्र पाहणारे कोणीतरी लागते.

आता मूळ प्रश्न. अशा प्रादेशिक पथकाचे नेतृत्व करायचे म्हणजे काय करायचे? बरेच जण समजतात की वरून दट्टा लावून खालून तक्ते मागवायचे, म्हणजे झाले नेतृत्व. आमचा अनुभव उलटा आहे, आणि तो तुमच्याच कामातल्या दोन गोष्टींनी सांगता येईल.

पहिली गोष्ट. धावत्या मालगाडीचा अॅक्सल तापून धूर निघताना गेटमनला दिसला, तर तो लाल झेंडा दाखवतो. गाडी थांबवून मग पाहणी होते. धूर खरा होता की नुसती धूळ, हे नंतर ठरते. धूळ निघाली म्हणून त्या गेटमनला मेमो दिला, तर पुढच्या वेळी तो झेंडा उचलेल का? साथीचेही असेच आहे. एखाद्या आशा कार्यकर्तीने सांगितले की वाडीत चौघांना एकसारखा ताप आहे, आणि तपासात तो साधा निघाला, तर तिला 'उगाच धावपळ करायला लावली' म्हणून बोलणारा पथकप्रमुख पुढच्या साथीची खबर स्वतःच्या हाताने पुसून टाकतो. तिने दहा वेळा कळवले आणि नऊ वेळा काही निघाले नाही, तरी ती दहावी खबर सगळ्या फेऱ्यांची किंमत भरून देते.

दुसरी गोष्ट. गाडी सुखरूप जात असली तरी स्टेशनावरून आणि गार्डाच्या डब्यातून हिरवा झेंडा दाखवला जातो. काही बिघडलेले नाही, हेही सांगावे लागते. झेंडा दिसलाच नाही तर त्याचा अर्थ 'सर्व ठीक' असा कोणी घेत नाही. आमच्याकडे याला शून्य अहवाल म्हणतात. रुग्ण नसेल तर शून्य लिहायचे. शून्य आणि रिकामी जागा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हा फरक आम्ही पुस्तकात वाचला होता. कळला मात्र एका रेल्वे वसाहतीत, आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वसाहतीचे नाव सांगत नाही, कारण तसे कोठेही घडू शकते. पावसाळ्यात तेथे कावीळ सुरू झाली. एका गँगचे सात ट्रॅकमन दोन आठवड्यांत आजारी रजेवर गेले. हजेरीपट लिहिणाऱ्या कारकुनाला ते ठाऊक होते, कारण बदली माणसे शोधता शोधता तो हैराण झाला होता. पोस्टमनला ठाऊक होते, कारण रजिस्टर पत्रावर सही करायला दाराशी येणाऱ्या माणसांचे डोळे त्याला पिवळे दिसत होते. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला ठाऊक होते, कारण उसाचा रस आणि लाह्या यांची मागणी वाढली होती. काही रुग्ण रेल्वेच्या दवाखान्यात गेले, काही खासगी डॉक्टरकडे, आणि बरेच जण झाडपाल्याचे औषध घेऊन घरीच राहिले. प्रत्येकाने आपापल्या वहीत लिहिले. बेरीज कोणीच केली नाही. तो दवाखाना आमच्याकडे नोंदी पाठवत नव्हता, म्हणून आमच्या तक्त्यात त्या वसाहतीपुढची जागा रिकामी होती. आम्ही ती पाहिली, 'रुग्ण नाहीत' असे समजलो आणि पान उलटले.

त्याच वसाहतीत एका ट्रॅकमनची पत्नी गरोदर होती. आठवा महिना. दूषित पाण्यातून होणारी 'ई' प्रकारची कावीळ एरवी बहुतेकांना सोडून जाते, पण गरोदर बाईला ती फार घातक असते. शेवटच्या तीन महिन्यांत शंभरातल्या वीस-पंचवीस जणीसुद्धा दगावू शकतात. ती बाई गेली, पोटातले मूलही गेले. त्यानंतर आमचे पथक तेथे पोहोचले. पाण्याची वाहिनी पायी चालत तपासली, तेव्हा गटारातून जाणारा एक जोड गळताना सापडला. तो बदलायला एक दुपार लागली.

यात कारकून दोषी नाही, पोस्टमनही नाही. कोणाला सांगायचे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. दोष आमचा, ज्यांचे काम विचारण्याचे होते. त्या दिवसापासून आमच्या पथकाने एक नियम केला: तक्त्यातली प्रत्येक रिकामी जागा म्हणजे एक फोन. आकडा वाढलेला दिसला तर उद्या जाऊ, पण आकडाच आला नसेल तर आज विचारू.

बंधू-भगिनींनो, इतिहासही हेच सांगतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा केला आणि त्यात रेल्वेने प्रवास करणाऱ्यांच्या तपासणीचा अधिकार घेतला. पुण्यात रँडच्या कारभारात सैनिक घरात घुसून झडत्या घेऊ लागले. परिणाम काय झाला? लोक रुग्ण लपवू लागले. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांना स्वतः दवाखान्यात नेत होत्या. त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. दंडुक्याने माणूस हाकलता येतो, खबर काढता येत नाही. खबर विश्वासाने येते.

पुढे १९९४ साल पाहा. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावचे लोक पिसवांच्या त्रासाची तक्रार करत होते. सप्टेंबरात सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो माणसांनी शहर सोडले. त्या गाड्या कोणी चालवल्या, त्या फलाटांवर कोण उभे होते, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. खानदेशातून पोटासाठी सुरतेला गेलेली हजारो कुटुंबे त्या गर्दीत होती. अधिकृत माहिती कमी आणि अफवा जास्त, अशी ती अवस्था होती.

पण सुरतेने पुढे जे केले तेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. मे १९९५ मध्ये एस. आर. राव तेथे महापालिका आयुक्त झाले. त्यांनी अधिकाऱ्यांना सकाळी खुर्चीवर बसू न देता वॉर्डात पाठवले, दुपारी रोज बैठक घेतली आणि स्वतःचे अधिकार विभागीय अधिकाऱ्यांना दिले. म्हणजे जेथे तक्रार कळते तेथेच निर्णय घेण्याची मुभा. गटार तुंबल्याची खबर आयुक्तांपर्यंत जाऊन हुकूम परत येईपर्यंत थांबायचे कारण उरले नाही. दोन वर्षांत त्या शहराचे नाव देशातल्या स्वच्छ शहरांत घेतले जाऊ लागले.

आणखी एक उदाहरण केरळचे. मे २०१८ मध्ये कोझिकोडच्या एका रुग्णालयात मेंदूज्वराचा तरुण रुग्ण आला. त्याच घरातला एक जण काही दिवसांपूर्वी तशाच आजाराने वारल्याचे डॉक्टरांनी विचारून घेतले. एका घरात दोन, हा आकडा त्यांना खटकला. नमुने मणिपालला आणि आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेले आणि निपाह विषाणू असल्याचे ठरले. मग दोन हजारांहून अधिक संपर्कातल्या माणसांची यादी झाली, त्यांच्यावर रोज लक्ष ठेवले गेले आणि साथ आटोक्यात आली. मात्र रुग्णांची सेवा करताना लागण होऊन परिचारिका लिनी यांनी २१ मे रोजी प्राण गमावले. खबर उशिरा लागली तर पहिला फटका नेहमी सेवेतल्या माणसालाच बसतो, हे त्यांच्या मृत्यूने पुन्हा दाखवले.

कोविडच्या काळात ते तुमच्याही वाट्याला आले. मे २०२१ मध्ये रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनी सांगितले की तोवर १,९५२ रेल्वे कर्मचारी कोविडने दगावले होते. टपाल कामगारांनी टाळेबंदीत औषधे आणि तपासणीचे संच पोहोचवले. १,९५२ हा आकडा श्रद्धांजलीला उपयोगी पडतो. जीव वाचवायला त्याआधीचे लहान आकडे हवे असतात: या आठवड्यात कोणत्या लॉबीत, कोणत्या शेडमध्ये, कोणत्या पोस्टात किती माणसे आजारी पडली.

तेव्हा पथकप्रमुखाचे काम आमच्या मते चार वाक्यांत मावते. खबर देणाऱ्याला सांभाळा. रिकामी जागा दिसली तर विचारा. खबर आल्यावर काय केले ते खबर देणाऱ्याला उलट कळवा, नाहीतर तो दुसऱ्यांदा कळवणार नाही. आणि कृतीचा अधिकार शक्य तितका खाली द्या.

यात एक अडचण आहे, तीही स्पष्ट बोलतो. आमच्या यंत्रणेतले कितीतरी साथतज्ज्ञ, माहिती नोंदणारे, प्रयोगशाळा तंत्रज्ञ वर्षानुवर्षे कंत्राटावर आहेत. मुदतवाढीचा कागद ज्याच्या सहीने निघतो, त्याला अप्रिय आकडा दाखवताना कोणाचा हात थरथरणार नाही? तुमच्याकडच्या कंत्राटी सफाई कामगाराचेही तेच. आजारी पडलो असे सांगितले की ज्याची रोजी बुडते, तो ताप लपवून कामावर येतो. नोकरीची शाश्वती आणि पगारी आजारी रजा या आपल्या जुन्या मागण्या आहेत. त्या साथ रोखण्याच्याही मागण्या आहेत, हे आपण लोकांसमोर मांडले पाहिजे.

म्हणून आपल्या शाखांनी पुढील गोष्टींचा पाठपुरावा करावा, अशी आमची विनंती आहे. एक, आपल्या विभागातला प्रत्येक दवाखाना जिल्हा सर्वेक्षण कक्षाला नियमित नोंद पाठवतो की नाही, शून्यासकट, हे लेखी विचारावे. दोन, प्रत्येक युनिटच्या हजेरीपटावरून आजारी रजेचा साप्ताहिक आकडा कक्षाला मिळावा. नावे नकोत, आजारी माणसाची अब्रू त्याचीच राहू द्या. नुसती संख्या पुरे. तीन, वसाहतीतल्या पाणी, गटार, ताप, कावीळ यांबद्दल कळवणाऱ्या कामगारावर कारवाई होणार नाही, असे प्रशासनाकडून लिहून घ्यावे. चार, प्रत्येक शाखेने एक साथी या कामासाठी नेमावा आणि जिल्हा कक्षाचा दूरध्वनी क्रमांक फलकावर लावावा.

या चारही गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. हजेरीपट तुमच्याकडे आहे. दारोदार जाणारी पावले तुमच्याकडे आहेत. रुळांवर लागलेले डोळे तुमच्याकडे आहेत. त्या वसाहतीतही हे सारे होते. नव्हता तो फक्त एक फोन. तो पुढच्या वेळी व्हावा, आणि तो उचलायला आमच्या बाजूला माणूस असावा, एवढ्यासाठी आम्ही येथे आलो होतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!