विद्यापीठाच्या सावलीतील वस्ती
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी मला जो विषय नेमून दिला तो असा : विद्यापीठाजवळ, बागबगीच्याच्या शेजारी आणि आपल्या ऐपतीत बसेल अशा वस्तीत राहणे. विषय ऐकून कोणीही म्हणेल, की ह्यात बोलण्यासारखे ते काय? अशा ठिकाणी घर मिळाले तर नको कोण म्हणेल? मी केवळ मॅट्रिक झालेला, उभा जन्म प्राथमिक शाळेच्या फळ्यासमोर काढलेला मनुष्य. अर्थशास्त्र किंवा नगररचना ह्या विषयांत मला गती नाही. तथापि गेली वीस वर्षे मी अमरावतीस अशाच एका वसाहतीत राहतो, आणि माझ्या लेकीचे घर अकोल्यास कृषी विद्यापीठाच्या बाजूला असल्यामुळे तिकडेही माझे जाणे-येणे असते. ह्या दोन वस्त्यांकडे पाहून जे विचार मनात आले, तेवढेच आपणांपुढे ठेवतो. माझ्या म्हणण्याचे सार पहिल्यानेच सांगून टाकतो. विद्यापीठ आणि बाग ह्या गोष्टी आपणांस लाभलेल्या आहेत. परवडणे ही गोष्ट मात्र लाभत नसते, ती राखावी लागते. आणि ती राखणारे दुसरे कोणी नसून आपणच आहोत.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. वऱ्हाडात महाविद्यालये जुनी आहेत. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजेच पुढचे विदर्भ महाविद्यालय, १९२३ साली निघाले. नागपूर विद्यापीठही त्याच वर्षीचे. परंतु त्यानंतर साठ वर्षे आपल्या मुलांची पदवी नागपूरची असे. महाविद्यालय गावात, आणि विद्यापीठ अमरावतीहून दीडशे व अकोल्याहून अडीचशे किलोमीटर दूर. एखाद्या कागदावर शिक्का हवा असला तरी एका दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे खर्ची पडे. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि ही पायपीट संपली. अकोल्याची कथा ह्याहून तेजस्वी आहे. कृषी विद्यापीठ विदर्भाला मिळावे म्हणून १९६७ साली तेथे जे आंदोलन झाले, त्यात माणसांनी प्राण दिले. त्यानंतर २० ऑक्टोबर १९६९ रोजी ते विद्यापीठ अकोल्यास उभे राहिले आणि त्याला डॉ. पंजाबराव देशमुख ह्यांचे नाव मिळाले. तेव्हा ज्या आवारांच्या कडेने आपण सकाळी फिरावयास जातो, ती आवारे आपल्याला कोणी सहजासहजी दिलेली नाहीत, एवढे ध्यानात असावे.

ह्या आवारांच्या भोवती वस्ती वाढली ती कशी? अमरावतीच्या कॅम्पापलीकडे, मार्डी रस्त्याच्या अंगाला, पूर्वी मुरमाड माळ आणि झुडपी रान होते. त्याच बाजूला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी, म्हणजे आपल्या दाजीसाहेबांनी, कुष्ठरुग्णांसाठी 'तपोवन' वसविले. गावाने ज्यांना वेशीबाहेर घातले, त्यांच्या हातांनी तेथे झाडे लागली. 'तिकडे घर कोण बांधणार?' असे म्हणणारे जुने लोक मी ऐकलेले आहेत. लोक जेथे जाण्यास नाखूष, तेथे जमिनीचा भाव कमी. आणि भाव कमी म्हणूनच कारकून, शिक्षक, कंडक्टर, तलाठी अशा लहान पगाराच्या माणसांना तेथे प्लॉट घेता आला. आज त्याच बाजूच्या जागेचा भाव ऐकला म्हणजे मान वर होत नाही. स्वस्ताई आपल्या चातुर्याने आली नव्हती. ज्यांना कोणी जवळ करीत नव्हते, त्यांच्या शेजाराने ती आली होती. ह्याचे विस्मरण होऊ नये.

आता बागेविषयी. आपला वऱ्हाड उन्हाचा देश. २०२० च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. अशा प्रदेशात झाडाची सावली ही चैनीची वस्तू नव्हे. ज्याच्या घरावर टिनाचे छप्पर आहे आणि ज्याला कूलरचे वीजबिल झेपत नाही, त्याचा तो जीव आहे. अमरावतीचे भाग्य असे, की विद्यापीठाचे चारशे एकरांहून मोठे आवार पोहरा-मालखेडच्या रानाला लागून आहे. वडाळी आणि छत्री हे दोन तलाव ब्रिटिश अमदानीत गावाच्या पाण्यासाठी बांधले गेले. आज गावाला पाणी सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून येते, तरी हे तलाव टिकले आणि पाखरांच्या व माणसांच्या विसाव्याचे स्थान झाले. वडाळीस वनखात्याचे बांबू उद्यान आहे. अकोल्यास कृषी विद्यापीठाच्या आवारात शरद सरोवर आहे आणि नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. सायंकाळी त्या बाजूने जाऊन पाहा. एका बाकावर निवृत्तिवेतनाची चर्चा चाललेली असते, दुसऱ्यावर स्पर्धापरीक्षेचे पुस्तक उघडे असते आणि पलीकडे एखादी आजी नातवाला कडुनिंबाखाली खेळवीत असते. तेथे आडनाव विचारणे नाही. रानाच्या शेजाराची किंमतही मोजावी लागते. अमरावतीच्या त्या बाजूला अधूनमधून बिबट्या येतो आणि रात्री एकट्याने फिरणे टाळावे लागते. परंतु तो बिचारा आपल्या जागी आहे, त्याच्या रानाशेजारी आपण जाऊन राहिलो आहोत.

ह्यापुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अशा वस्तीत खरी गरज कोणाची? आपली मुले शिकली, पुण्यास गेली, काही परदेशी गेली. वरचा मजला रिकामा पडला. त्या मजल्यावर आता दर्यापूरचा, चिखलदऱ्याचा, बार्शीटाकळीचा, मेहकरचा मुलगा किंवा मुलगी राहावयास येते. मी मास्तर असल्यामुळे त्यांच्या बापाचा हिशेब मांडून पाहिला, तो आपणही मांडून पाहावा.

पाच एकर कोरडवाहू कपाशी आहे असे धरा. बऱ्या वर्षी एकरी पाच क्विंटल कापूस आला, तर पंचवीस क्विंटल झाला. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्या भावाने १,८८,०२५ रुपये झाले, आणि बाजारात हा भाव पदरात पडेलच असेही नाही. ह्यातून बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी आणि गाडीभाडे वजा करा. घरची चूल आणि दुसऱ्या लेकराची शाळा वजा करा. आता समजा, खोलीचे भाडे महिना ३,००० रुपये आहे. वर्षाचे ३६,००० झाले, म्हणजे पावणेपाच क्विंटलांहून अधिक कापूस. पाच एकरांपैकी जवळजवळ एका एकराचे पीक केवळ आपल्या खोलीच्या भाड्यात आले! खानावळ, पुस्तके, शुल्क ही अजून बाजूलाच आहेत. आणि आपण जेव्हा सहज म्हणतो, 'ह्या वर्षी पाचशे वाढवू', तेव्हा वर्षाचे सहा हजार, म्हणजे सुमारे ऐंशी किलो कापूस आपण वाढवून मागत असतो. तो कापूस त्या मुलाच्या आईने वाकून वाकून वेचलेला असतो.

भाडे घेऊ नये असे मी म्हणत नाही. अनेकांचा निर्वाह त्यावर आहे, विधवा भगिनींचा तर विशेषच. घरपट्टी आहे, डागडुजी आहे. परंतु रास्त भाडे आणि अडवणुकीचे भाडे ह्यांतील अंतर प्रत्येक घरमालकाच्या मनाला ठाऊक असते. शेजाऱ्याने वाढविले म्हणून मी वाढविले, ह्या न्यायाने सगळी आळी महाग होते, आणि मग आपणच म्हणतो की पूर्वीसारखे राहिले नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी शासनाच्या योजना आहेत. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना, डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयम योजना, ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना ही त्यांची नावे. प्रत्येकीचे नियम व लाभार्थी निराळे, पण राहण्याच्या जागेचा पुरावा लागतोच. पुष्कळ घरमालक भाडे रोख घेतात आणि करारपत्र द्यावयास कचरतात. आपल्या एका सहीवाचून मुलाचा वर्षाचा भत्ता बुडतो. ह्यात आपले जाते काय? तेव्हा ज्याला खोली द्याल त्याला कागदही द्या.

तिसरी गोष्ट आडनावाची. ही बोलणे थोडे अवघड आहे, कारण आपले मंडळ जातीचे आहे. आपल्या समाजाच्या मुलाला आधी हात द्यावा, हे स्वाभाविक आहे व त्यात दोष नाही. परंतु दारात उभ्या राहिलेल्या मुलाला आडनाव विचारावयाचे आणि मग 'खोली कालच गेली' म्हणावयाचे, ही रीत आपल्याला शोभत नाही. पंजाबराव देशमुख विलायतेतून विद्वत्तेची पदवी घेऊन आले आणि त्यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले, ते सर्व जातींच्या मुलांसाठी. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाशेजारी राहावयाचे आणि त्यांचा हा धडा गिरवावयाचा नाही, हे कसे जमेल? मुलींच्या बाबतीत तर अधिकच सांगावेसे वाटते. खेड्यातील बाप मुलीला शहरात ठेवतो तो विद्यापीठाच्या इमारतीकडे पाहून नव्हे, तर घरमालकिणीच्या शब्दावर. 'मुलगी माझ्या नजरेसमोर आहे, काळजी करू नका' हे एक वाक्य जेथे मिळते, तेथे ती मुलगी पदवीधर होते. जेथे मिळत नाही, तेथे पुष्कळदा पुढच्या वैशाखात तिचे लग्न होते.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो मी आपल्या मंडळालाच उद्देशून मांडतो. मोठा ले-आऊट मंजूर होतो तेव्हा कायद्याने त्यात मोकळी जागा सोडावी लागते. सध्याच्या नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या क्षेत्रात ती दहा टक्के असावी लागते. ही जागा बागेसाठी, मुलांच्या खेळासाठी, म्हाताऱ्यांच्या विसाव्यासाठी असते. ज्यांना प्लॉट घ्यावयाचा आहे त्यांनी मंजूर नकाशा आणि ही मोकळी जागा, दोन्ही डोळ्यांनी पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत. पण पुढे होते काय? त्या जागेवर एका कोपऱ्यात ओटा येतो, मग शेड येते, मग फलक लागतो, आणि एक दिवस तेथे कोणत्या तरी समाजाचे सभागृह उभे राहते. आपल्याही काही उत्साही सभासदांनी अशी सूचना केली आहे, की एका वसाहतीतील मोकळी जागा समाजभवनासाठी मागून घ्यावी. त्यांच्या हेतूविषयी मला आदर आहे. तरीही मी ह्या सूचनेला नम्रपणे विरोध करतो. आज आपण मागितली, तर उद्या दुसरा समाज शेजारची मागेल आणि त्याला नाही म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही. भवनात वर्षातून दहा-पाच दिवस आपली माणसे बसतील; झाडाखाली रोज सर्वांची लेकरे खेळतात. भवन हवेच असेल तर वर्गणी काढू, स्वतःची जागा विकत घेऊ आणि तेथे एक अभ्यासिकाही ठेवू. तोवर शाळेच्या सभागृहात सभा भरविल्याने आपला मान काही कमी होत नाही.

अमरावतीच्या विद्यापीठाला पुढे संत गाडगेबाबांचे नाव दिले गेले. बाबांनी ऋणमोचनास घाट बांधला, पंढरपूर, नाशिक, मुंबई, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या. स्वतःसाठी चार भिंती बांधल्या नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबांनी वलगावजवळ देह ठेवला आणि अमरावतीस त्यांची समाधी झाली. तो भाग आज गाडगेनगर म्हणून नांदतो आहे. ज्याला घर नव्हते त्याच्या नावाने वस्ती ओळखली जाते, ह्याचा अर्थ आपण सर्वांनी मनाशी लावावा.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. प्रत्येक सभासद कुटुंबाने, ज्याच्याकडे खोली रिकामी आहे त्याने, निदान एक खोली गरजू विद्यार्थ्यासाठी रास्त भाड्याने व लेखी कराराने ठेवावी. ती देताना गरज पाहावी, आडनाव नव्हे. आणि मंडळाने असा ठराव करावा, की कोणत्याही वसाहतीतील बागेची अगर मोकळी जागा आपण मागणार नाही, उलट दर पावसाळ्यात तेथे झाडे लावू आणि ती जगवू. 'घर पाहावे बांधून' असे जुने लोक म्हणत. घर आपण बांधले. आता वस्ती सांभाळण्याची पाळी आहे. गाव करील ते राव काय करील, ह्या म्हणीवर माझा विश्वास आहे.

ठरावाचा मसुदा अध्यक्षमहाराजांच्या स्वाधीन करून माझे भाषण पुरे करतो.