विजेची सायकल आणि कायदा
पायांस विजेचे साहाय्य मिळाले एवढ्यानेच सायकल ही मोटार ठरत नाही. मात्र भारतातील १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी त्या साहाय्यास मर्यादा घातली आहे. मोटारीची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी हवी. वेग वाढेल तसतसा तिचा जोर ओसरत जाऊन, ताशी २५ किलोमीटरला किंवा स्वाराने पायडल थांबविताच, तो बंद पडला पाहिजे. पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या अधिकृत संस्थेने त्या नमुन्यास तशी मान्यता दिली असली, की नोंदणी नको आणि परवानाही नको. दुकानातील विक्रेत्याचे तोंडी आश्वासन येथे कामाचे नाही. वेगाच्या मोहाने ही मर्यादा काढून टाकली, की तीच सायकल मोटार वाहन ठरते. दंड एक वेळ भरता येईल. परंतु धडक बसलेल्या पादचाऱ्याची भरपाई, विमा नसल्यामुळे, स्वाराच्याच माथी येते.