रिकामा दिवस आणि शेजारधर्म

कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीत बसलात म्हणजे शहाडच्या पुढचे स्टेशन आंबिवली. तेथे उतरले की जवळच उल्हास नदीच्या काठी मोहने गाव आहे. या गावाचे घड्याळ कित्येक वर्षे कारखान्याच्या पाळ्यांवर चाले. नॅशनल रेयॉनचा, म्हणजे लोकांच्या तोंडी एन.आर.सी.चा, कारखाना तेथे कृत्रिम रेशमाचे सूत काढी. कोणाच्या घरी चूल पहाटे पेटायची, कोणाच्या घरी दुपारी मुलांनी आवाज करायचा नाही कारण बाबा रात्रपाळी करून निजले आहेत, हे सारे त्या कारखान्यावर ठरे. २००९ साली, नोव्हेंबर महिन्यात, तो बंद पडला आणि हजारो कामगार घरी बसले.

त्यांच्या देण्याघेण्याचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे चालला. तो आजचा विषय नव्हे. हाताचे काम गेल्यावर माणसाच्या मनाचे काय होते, आणि अशा वेळी शेजाऱ्याने नि शिक्षकाने काय करावे, एवढेच मी बोलणार आहे.

मी त्या बाजूच्या एका शाळेत शिकवीत असे. माझ्या वर्गात एक मुलगा होता. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगतो. चांगला हसराखेळता मुलगा, पण हळूहळू गप्प झाला. वही आणीना, गृहपाठ करीना. शाळा सुटली तरी घरी जायची त्याला घाई नसे. मी त्याला चारचौघांत बोललो, एकदा वर्गाबाहेरही उभे केले. आज त्याची लाज वाटते. कारण घरी काय चालले आहे हे विचारायचे मला सुचलेच नाही.

घरी वडील बसून होते. पहिले काही महिने ते पहाटे पाचलाच उठत, दाढी करीत, आणि मग जायचे कोठे म्हणून परत आडवे होत. पुढे पुढे उठेनासे झाले. रात्री झोप नाही, जेवणावर वासना नाही. लग्नकार्याला जाणे बंद, गणपतीत मंडळात बसणे बंद. बायको एका छोट्या कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जाऊ लागली. ती संध्याकाळी दमून आली की हे भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. आळीतले लोक म्हणत, “आळशी झालाय, दुसरं काय!” कोणी म्हणे, “याला आता ठाण्याला पाठवा,” आणि सगळे हसत.

हा ठाण्याचा विनोद तुम्हीही ऐकला असेल, कदाचित केलाही असेल. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालापासूनचे आहे. तेथे बाह्यरुग्ण विभागही आहे; माणूस सकाळी जातो, डॉक्टरांना भेटतो, औषध घेतो आणि घरी येतो. पण आपण त्या नावाची इतकी थट्टा करून ठेवली आहे की ज्याला खरोखर जायचे असते तो आधी मागेपुढे पाहतो, कोणी ओळखीचे दिसेल का म्हणून. ताप आला तर दवाखान्यात जायला कोणी लाजत नाही!

काम गेलेल्या माणसाच्या मनाचा फार बारकाईने केलेला एक अभ्यास ऑस्ट्रिया देशात झाला आहे. व्हिएन्ना शहराजवळ मारियनताल नावाचे एक गिरणीगाव होते. १९२९-३० मध्ये तेथील कापडगिरणी बंद पडली. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल हे तरुण अभ्यासक त्या गावात गेले आणि १९३३ साली त्यांनी आपले पुस्तक छापले. वेळ भरपूर मिळाल्यावर लोक जास्त वाचतील असे आपल्याला वाटेल. झाले उलटे. गावच्या वाचनालयातून जाणारी पुस्तके जवळजवळ निम्म्यावर आली. पुरुष रस्त्याने सावकाश चालू लागले, मध्येच थांबू लागले. दिवसभर काय केलेत असे विचारले तर त्यांना धड सांगता येईना. आणि गंमत पाहा, काही काम नसतानाही नवरे दुपारच्या जेवणाला वेळेवर येत नाहीत अशी बायकांची तक्रार होती! ऑस्ट्रियात काय नि मोहन्यात काय, पगाराबरोबर दिवसाचा आकारही जातो. कोणी आपली वाट पाहत नाही, आपण उशिरा गेलो तर कोणाचे अडत नाही. माणूस खचतो तो पुष्कळदा येथे.

आता त्या मुलाच्या वडिलांकडे येतो. त्यांच्याच खात्यात काम केलेले एक जुने सोबती होते. तेही बेकारच. ते रोज संध्याकाळी येऊन दारात उभे राहत आणि म्हणत, “चल रे, नदीपर्यंत जाऊन येऊ.” उपदेश नाही, ‘मन घट्ट कर’ नाही. पहिले चार दिवस हे उठले नाहीत. पाचव्या दिवशी उठले, ते बहुधा सोबत्याला गप्प करण्यासाठी! असे आठ-दहा दिवस चालले. मग एकदा काठावर बसल्यावर त्या सोबत्याने सरळ विचारले, “जीव नकोसा वाटतो का रे कधी?” हे खूप वेळ रडले आणि हो म्हणाले.

येथे थोडे थांबतो. असे विचारले तर नसता विचार डोक्यात शिरेल, अशी भीती पुष्कळांना वाटते. ती खरी नाही. विचारल्याने ओझे हलके होते आणि मदतीची वाट उघडते. उत्तर हो आले तर त्या माणसाला एकटे सोडू नका, घरच्यांना सांगा, डॉक्टरांकडे न्या. कायद्याचे भय बाळगून काही लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच मुळात धरले जाते. त्याला उपचार नि आधार देणे हे सरकारचे कर्तव्य ठरविले आहे.

सोबत्याने त्यांना डॉक्टरांकडे नेले. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागले. मधल्या काळात “काही उपयोग नाही” म्हणून ते गोळ्या टाकून देणार होते, तेव्हा बायकोने धीर सोडला नाही. मग मंडळाच्या पोरांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. वाचनालयाची किल्ली त्यांच्या हाती दिली. सकाळी सहाला उघडायचे. पैसे फारसे नव्हतेच, पण सहाला चार म्हातारे दाराशी उभे असत आणि उशीर झाला तर कुरकुरत. त्या कुरकुरीचा मोठा उपकार झाला.

हे काम डॉक्टरांनीच करावे असे नाही. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा एक उपक्रम झाला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठविण्यात आले. उदासीनतेच्या आजाराने त्रासलेल्यांपैकी पूर्वी शंभरात जेमतेम चार जण मदत घेत. नंतर ते सत्तावीसवर गेले. हे आकडे २०१७ साली प्रसिद्ध झाले आहेत. अजून त्र्याहत्तर राहतात, हे खरेच. पण चाराचे सत्तावीस झाले ते ओळखीच्या माणसाने दार वाजविल्यामुळे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या वर्गात असे एखादे मूल असेल. अचानक अबोल झालेले किंवा अचानक भांडखोर झालेले, पेंगणारे, घरी जायला टाळणारे. शिक्षा करण्याआधी एक संध्याकाळ त्याच्या घरी जा. चहा घ्या. अभ्यासाचे नंतर बोला. आणि घरात कोणी दोन आठवड्यांहून अधिक दिवस झोपेविना, भुकेविना, कशातच रस न घेता बसून असेल, दारू वाढली असेल, तर त्याला आळस म्हणू नका.

जवळ डॉक्टर नसतील तर सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती सुरू झाली. रात्री-बेरात्रीही चालते, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येते. क्रमांक १४४१६. पुन्हा सांगतो, एक चार चार एक सहा. शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, आणि पुसला गेला की पुन्हा लिहा.