लढाऊ हेलिकॉप्टरची दृष्टि

कापणी झालेल्या शेतावर किंवा माळरानावर एक लहानशी, पांढरट करड्या रंगाची घार आकाशांत एकाच जागीं पंख हालवीत उभी राहिलेली आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. तिला कापशी म्हणतात. ती कांहीं क्षण तशीच अधांतरीं थांबते, खालच्या गवतावर नजर रोखते आणि उंदीर दिसतांच पाय सोडून त्यावर उतरते. तिचीं नखें तीक्ष्ण असतात हें खरें. पण तिची सारी शिकार अवलंबून असते ती तिच्या डोळ्यांवर. नजर चुकली, तर नखें व्यर्थ.

आज ज्या यंत्राविषयीं मला बोलावयाचें आहे, त्याचीहि गोष्ट अशीच आहे. लढाऊ हेलिकॉप्टर म्हटलें कीं आपल्या मनापुढें तोफा, अग्निबाण आणि धुराचे लोट उभे राहतात. परंतु त्याची रचना बारकाईनें पाहिली, तर असें दिसून येतें कीं, तींतील मोठी कल्पकता शत्रूला पाहण्यावर आणि स्वतः त्याला न दिसण्यावर खर्च झालेली आहे. उदाहरणादाखल मी अमेरिकेंत बनलेलें ‘अपाची’ हें हेलिकॉप्टर घेतों.

व्हिएतनामच्या युद्धांत सैनिकांची ने-आण करणाऱ्या हेलिकॉप्टरांवर जमिनीवरून मारा होऊं लागला, तेव्हां त्यांच्या संरक्षणासाठीं, केवळ लढण्याकरितांच बनविलेलें ‘कोब्रा’ नांवाचें अरुंद अंगाचें हेलिकॉप्टर 1967 मध्यें तेथें पोंचलें. पुढें युरोपांत सोव्हिएत रणगाड्यांची फौज चालून आली तर ती अडवावी कशी, हा प्रश्न अमेरिकेपुढें उभा राहिला. त्या चिंतेंतून अपाची जन्मास आलें. त्याचें पहिलें उड्डाण 30 सप्टेंबर 1975 रोजीं झालें आणि 1984 पासून तें सैन्याच्या हातीं येऊं लागलें.

यांत माणसें दोनच. तीं शेजारीं न बसतां एकामागें एक बसतात. पुढच्या आसनावर गोलंदाज, म्हणजे शस्त्रें चालविणारा. मागच्या, किंचित् उंच आसनावर वैमानिक. त्यामुळें यंत्राचें अंग अरुंद राहतें आणि समोरून नेम धरणाऱ्यास लहान लक्ष्य मिळतें. डोक्यावर चार पात्यांचा पंखा फिरतो. त्याचा व्यास सुमारें 14.6 मीटर आहे. इंजिनें दोन असून तीं अंगाच्या दोहों बाजूंस मुद्दाम दूर ठेवलेलीं आहेत. हेतु हा कीं, एकाच माऱ्यानें दोन्ही बंद पडूं नयेत. इंजिनांतून निघणाऱ्या ऊन वायूंत थंड हवा मिसळून ते बाहेर सोडतात. कारण उष्णतेचा माग काढीत येणारीं क्षेपणास्त्रें त्या उष्णतेवरच झेंप घेतात.

आतां शस्त्रें पाहूं. हनुवटीखालीं 30 मिलिमीटर व्यासाची तोफ असते. ती मिनिटास सुमारें 625 गोळ्या झाडते व तिच्यासाठीं 1,200 पर्यंत गोळ्या नेतां येतात. दोन्ही बाजूंच्या आंखूड पंखांखालीं एक तर 16 ‘हेलफायर’ क्षेपणास्त्रें, नाहीं तर 70 मिलिमीटर व्यासाचे 76 अग्निबाण, किंवा दोहोंचें मिश्रण लटकवितात. हेलफायर हें मुख्यतः रणगाडे फोडण्यासाठीं निघालेलें अस्त्र. तें सुमारें आठ किलोमीटर दूरच्या लक्ष्यापर्यंत जातें.

परंतु आठ किलोमीटरांवरचा रणगाडा, तोहि रात्रीं, दिसावा कसा? येथें या यंत्राचे डोळे कामास येतात. नाकावर फिरतीं गोलाकार घरटीं बसविलेलीं असतात. त्यांत दूरचें मोठें करून दाखविणारा कॅमेरा असतो, अंधारांतहि वस्तूंची उष्णता टिपून त्यांचें चित्र उमटविणारा कॅमेरा असतो, आणि लेसरच्या किरणानें अंतर मोजण्याची व लक्ष्यावर खूण धरण्याची सोय असते. वैमानिकाचा रात्रीचा डोळा वेगळा असतो. ह्या डोळ्यांनीं पाहिलेलें चित्र शिरस्त्राणाला जोडलेल्या एका लहानशा भिंगांत, उजव्या डोळ्यासमोर उमटतें. डावा डोळा मोकळा राहून बाहेरचें जग पाहतो. एका डोळ्यानें यंत्राची दृष्टि आणि दुसऱ्यानें स्वतःची, अशी ही दुहेरी नजर संभाळण्यास शिकाऊ वैमानिकाला फार सराव करावा लागतो.

याहून नवल असें कीं, शिरस्त्राण वळलें म्हणजे तोफहि वळते. मनुष्य जिकडे पाहील, तिकडे तिचें तोंड होतें. पुढें निघालेल्या ‘लाँगबो’ नांवाच्या सुधारित प्रकारांत पंख्याच्याहि वर एक घुमटासारखें रडार बसविलें. हेलिकॉप्टर टेकडीआड दडून तेवढा घुमट वर काढतें. तें रडार 128 लक्ष्यांवर लक्ष ठेवून त्यांतील अधिक धोक्याचीं 16 निवडून दाखवूं शकतें.

ह्या दृष्टीचें सामर्थ्य 17 जानेवारी 1991 च्या पहाटेपूर्वीं जगास दिसलें. इराकनें कुवेत व्यापल्यानंतर जें युद्ध झालें, त्याच्या आरंभींच 8 अपाची हेलिकॉप्टरें, वाट दाखविणाऱ्या दुसऱ्या हेलिकॉप्टरांच्या मागोमाग, जमिनीलगत काळोखांतून इराकच्या पश्चिम भागांत शिरलीं व त्यांनीं तेथील दोन रडार ठाणीं कांहीं मिनिटांत उद्ध्वस्त केलीं. त्या खिंडारांतून मग विमानें आंत गेलीं.

एवढें ऐकून हें यंत्र अजिंक्य आहे असें कोणास वाटल्यास नवल नाहीं. पण त्याला मर्यादा आहेत. त्यांपैकीं तीन मी सांगतों.

पहिली मर्यादा निसर्गाची. पंख्याला हवेचा आधार लागतो, आणि उंच पर्वतावर हवा विरळ असते. कारगिलच्या 1999 च्या लढाईंत आपल्याजवळ असलेलीं जड लढाऊ हेलिकॉप्टरें त्या शिखरांच्या उंचीवर निरुपयोगी ठरलीं. मालवाहू जातीच्या हेलिकॉप्टरांवर अग्निबाण चढवून काम भागवावें लागलें, आणि 28 मे 1999 रोजीं त्यांपैकीं एक तोलोलिंगजवळ खांद्यावरून सोडलेल्या क्षेपणास्त्रानें पाडलें गेलें. आंतील चारहि वीर कामास आले. ह्या अनुभवांतून उंचीवर लढणारें हलकें हेलिकॉप्टर आपल्याकडे हिंदुस्थान एरोनॉटिक्सनें घडविलें. त्याचें पहिलें उड्डाण 29 मार्च 2010 रोजीं झालें, आणि 3 ऑक्टोबर 2022 रोजीं जोधपूर येथें ‘प्रचंड’ या नांवानें तें वायुदलांत दाखल झालें. नांव प्रचंड असलें, तरी कमाल भार घेऊन त्याचें वजन 5,800 किलोग्रॅम, म्हणजे अपाचीच्या कमाल वजनाच्या जवळजवळ निम्मेंच भरतें. आणि त्याचा गुण त्यांतच आहे. मार्च 2025 मध्यें अशा 156 हेलिकॉप्टरांचा करार झाला. अपाचीहि आपल्याकडे आहेत. वायुदलाच्या 22 पैकीं पहिलीं आठ 3 सप्टेंबर 2019 रोजीं पठाणकोट येथें आलीं, आणि जुलै 2025 मध्यें भूसेनेलाहि पहिलीं तीन मिळालीं.

दुसरी मर्यादा साध्या बंदुकीची. मार्च 2003 मध्यें इराकमधील करबल्याजवळ तीसहून अधिक अपाची एका रात्रीं चढाईस गेलीं. घरांच्या गच्च्यांवरून आणि गल्ल्यांतून त्यांवर बंदुकांचा व हलक्या तोफांचा इतका मारा झाला कीं, बहुतेक सर्व जायबंदी होऊन परतलीं व एक शत्रूच्या मुलखांतच उतरलें. आंतील दोघे कैद झाले. इतक्या हेलिकॉप्टरांना गोळ्या लागूनहि बहुतेक परत येऊं शकलीं, हें त्यांच्या मजबुतीचें प्रमाण होय. पण जें दूर राहून, दडून पाहण्यासाठीं बनविलें, तें वस्तीच्या डोक्यावर नेलें म्हणजे त्याचें निम्में बळ हरपतें, हाहि धडा त्यांतच आहे.

तिसरी मर्यादा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 17 फेब्रुवारी 1991 च्या रात्रीं एका अपाचीनें दोन गाड्यांवर क्षेपणास्त्रें सोडलीं. दोन्ही अचूक लागलीं. परंतु त्या गाड्या अमेरिकेच्याच होत्या. त्यांचेच दोन सैनिक ठार व सहा जखमी झाले. डोळ्यानें गाड्या दाखविल्या होत्या. आपण नेमके कोठें आहों आणि समोर कोण आहे, हें समजण्यांत माणूस चुकला होता. पुढें 12 जुलै 2007 रोजीं बगदादमध्यें दोन अपाचींनीं रस्त्यावरील जमावावर तोफ डागली. जमावांत कांहीं जण सशस्त्र होते, असें सैन्याच्या चौकशींत म्हटलें आहे. परंतु मृतांत रॉयटर वृत्तसंस्थेचे दोघे होते, आणि त्यांपैकीं छायाचित्रकाराचा कॅमेरा वरून शस्त्रासारखा दिसला होता. जखमींना उचलण्यास आलेल्या मोटारींत दोन लहान मुलें होतीं. तींहि जखमी झालीं. हेलिकॉप्टरच्या कॅमेऱ्यानें टिपलेलीं हीं दृश्यें 2010 मध्यें सर्व जगानें पाहिलीं. चित्र स्पष्ट होतें. त्याचा अर्थ मात्र चुकला होता.

श्रोतेहो, मुलांना शिकवितांना मी चाळीस वर्षें एक गोष्ट पुनः पुनः पाहिली. फळ्यावरचें अक्षर दिसणें निराळें आणि वाचतां येणें निराळें. शेवटच्या बांकावरच्या मुलाला चष्मा दिला, तर त्याला अक्षर दिसूं लागतें. पण तें वाचावयाचें कसें, हें चष्मा सांगत नाहीं. ह्या यंत्राला माणसानें उत्तमांतला उत्तम चष्मा दिला आहे. नजर वळतांच तोफ वळते, इतका त्यानें मधला वेळ कमी केला आहे. पूर्वीं दिसणें आणि मारणें यांच्या मध्यें जें अंतर होतें, त्यांतच विचाराला जागा होती. तें अंतर यंत्रानें मिटविलें, म्हणून विचार करण्याची जबाबदारी मिटली असें नव्हे. ती अधिक जड झाली आहे.

आपल्या देशाच्या सीमा अशा उंच आणि अशा कठीण आहेत कीं, हीं हेलिकॉप्टरें आपल्याला हवींच. त्यांत बसणाऱ्या तरुणांविषयीं मला आदर वाटतो. त्यांना चांगलीं यंत्रें मिळावींत, तसेंच दिसणाऱ्या आकृतीला क्षणभर थांबून ओळखण्याचें शिक्षणहि मिळावें, इतकीच इच्छा प्रकट करून मी आपली रजा घेतों.