तुंबलेली मोरी आणि खरकट्याची वाट

स्वयंपाकघरांतील मोरी तुंबली म्हणजे घरांतला सारा क्रम अडतो. भांडीं तशींच राहतात, पाणी मागें फिरतें आणि खरकट्याची पाटी परसदारच्या भिंतीपलीकडे रिती होते. इतरत्र ही केवळ अस्वच्छता ठरेल. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशांत ती जिवावर बेतूं शकते. खरकट्याच्या वासानें कुत्रीं आणि डुकरें येतात व त्यांच्या मागावर बिबट्या येतो. फेब्रुवारी २०२२ मध्यें चंद्रपूरलगतच्या दुर्गापूर व वीजकेंद्राच्या परिसरांत एक कामगार वाघाला आणि एक मुलगा बिबट्याला बळी पडला. अशा घटनांना एकच कारण नसतें; परंतु वस्तीभोवतीं उघडें पडलेलें अन्न श्वापदांना जवळ आणतें, हें निर्विवाद आहे. तेव्हां तुंबलेली मोरी घरच्या घरीं मोकळी करतां येणें ही साधी विद्या येथें विशेष अगत्याची आहे.

प्रथम रोगाचें मूळ पाहावें. हा धानाचा मुलूख. ताटांत भात नित्याचा. भाताचीं शितें पाण्यांत फुगून चिकट होतात. फोडणीचें तेल ऊन असतां पातळ असतें, पण नळींत निवलें कीं तिच्या अंगाला थर धरून बसतें. चहाचा चोथा व भाजीचे तंतू त्या थरांत गुंततात. मोरीच्या नळीला खालीं बाक दिलेला असतो. त्यांत पाणी साठून राहतें, म्हणून गटाराची दुर्गंधि घरांत शिरत नाहीं. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनें १७७५ सालीं शौचकूपासाठीं अशा बाकाचें पेटंट घेतलें होतें. वास अडविणारा हाच बाक गाळही अडवितो, आणि बहुधा तुंबारा तेथेंच असतो.

उपाय क्रमानें करावेत. जाळी काढून वरचें खरकटें उचलावें. मोरींत चार बोटें पाणी ठेवून दांड्याची रबरी वाटी तोंडावर घट्ट बसवावी आणि दहा-पंधरा वेळां जोरानें दाबून ओढावी. शेजारीं दुसरें तोंड असल्यास तें ओल्या फडक्यानें बंद करावें. नाहींतर सारा जोर तिकडून निघून जातो. एवढ्यानें भागलें नाहीं, तर बाकाखालीं बादली ठेवून त्याच्या दोन्हीं चकत्या हातानें सैल कराव्यात, बाक उतरवून धुवावा, आणि रबरी कडीं जागेवर बसवून पुन्हां आवळावा. बाक स्वच्छ निघाला, तर अडथळा पुढें आहे असें समजून लवचिक तार फिरवीत आंत सारावी. शेवटीं ऊन पाणी सोडावें. नळी प्लॅस्टिकची असल्यास तें उकळतें नसावें. तेजाब, कॉस्टिक सोडा आणि ब्लीचिंग पावडर हीं एकापाठोपाठ कधींही ओतूं नयेत. तेजाब व ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी वायु निघतो. तेजाब व सोडा यांच्या संयोगानें उकळी फुटून तोंडावर उडते.

कांहीं घरांत आतां मोरीखालीं खरकटें दळणारें विजेचें यंत्र असतें. अमेरिकेंत रासीन गांवीं जॉन हॅम्स या वास्तुशिल्पज्ञानें १९२७ सालीं तें योजिलें. त्यांत सुऱ्या नसतात. फिरती चकती अन्न खरबरीत कड्यावर आपटते व त्याचा चुरा पाण्याबरोबर जातो. हाड वा कोय अडकली कीं यंत्र नुसतें घुमतें. अशा वेळीं आधीं वीज तोडावी, अडकलेली वस्तु चिमट्यानें काढावी, हात मुळींच घालूं नये. बहुतेक यंत्रांच्या बुडाशीं षट्कोनी किल्लीचें छिद्र असतें. किल्ली दोन्हीं बाजूंस फिरवून चकती मोकळी करावी, थोडा वेळ थांबून तळचें लाल बटण दाबावें, आणि गार पाणी सोडून यंत्र पुन्हां चालू करावें. परंतु जेथें बंद गटार नाहीं, तेथें हा चुरा दाराबाहेरच्या उघड्या नालींतच जाणार. मग यंत्र असून खरकटें अंगणांतच राहिलें.

म्हणून खरा इलाज मोरीच्या अलीकडेच आहे. तेलकट कढई धुण्यापूर्वीं कागदानें पुसावी. शितें व चोथा जाळींत धरावा. सालें गोठ्यांत जावींत वा झांकणाच्या खड्ड्यांत कुजावींत. उरलेलें घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवून घंटागाडी आली म्हणजेच बाहेर काढावें. रात्रीं तो डबा घरांत असावा, ओट्यावर नसावा. ज्या घरच्या भिंतीबाहेर कुत्र्यांना कांहीं मिळत नाहीं, त्या घराशीं बिबट्यालाही काम उरत नाहीं.